परीक्षितची पहिली रायफल

माझ्या नवऱ्याला एखादी वस्तू घ्यायची असली की ती घरात यायच्या आधीच म्हातारी होते. थट्टा नाही करत मी. अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या नोव्हायच्या या घरातला डिशवॉशर बिघडला तेव्हा नवा कुठला घ्यायचा यावर परीक्षितने सात महिने विचार केला, आणि ते सात महिने भांडी मी घासली. शेवटी जो ठरला तो कंपनीने बनवायचाच बंद केला होता. मग दुसऱ्या नंबरवर जो होता तो मी एका दुपारी जाऊन ऑर्डर करून आले. त्यावरून तो आठवडाभर फुगून बसला होता.

गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सीटवर बसायचं, उठायचं, शिवण उसवून बघायची आणि चूक काढायची. या कामाचा त्याला पगार मिळतो. घरी तो तेच फुकट करतो. मी नागपूरची, आमच्याकडे एखादी गोष्ट आवडली की घेतली, नाही आवडली की वहिनीला दिली. याच्याकडे आधी एक्सेल शीट उघडते. माणूस मात्र सोन्यासारखा आहे, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

तर जूनमधली गोष्ट. आमची रुचा सत्तावीस वर्षांची. फिजिकल थेरपिस्ट आहे. शिक्षण संपल्यापासून आमच्याकडेच राहत होती, इथल्याच एका क्लिनिकमध्ये जात होती. एक दिवस जेवताना वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आय गॉट द पोर्टलंड जॉब." ऑक्टोबरच्या मध्यावर निघायचं. म्हणजे दिवाळीच्या आधीच. पोर्टलंड म्हणजे देशाचं दुसरं टोक, तीन तासांनी मागे असलेलं घड्याळ. मी तिथेच रडायला लागले. मला असलं काही लपवता येत नाही. परीक्षित म्हणाला, "रिलोकेशनचा खर्च देतायत ना?" ती हो म्हणाली. मग तो उठला, गॅरेजमध्ये गेला आणि दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा तपासून आला. जूनमध्ये! टायरची हवा उतरते ती थंडीत, आणि बाहेर तीस डिग्री!

आठवड्याने, पुन्हा जेवतानाच, त्याने घसा खाकरला. "रुचा, तुझ्या त्या रविवारच्या खेळाला मीही यावं म्हणतो."

रुचाचा रविवारचा खेळ म्हणजे एअरसॉफ्ट. खोट्या बंदुकांची लढाई. बॅटरीवर चालणारी रायफल असते, तिच्यात भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या गोळ्या भरायच्या. तोंडावर जाळी, डोळ्यांवर गॉगल, दोन टोळ्या करायच्या आणि रानात शिरायचं. गोळी लागली की चिमटा काढल्यासारखं दुखतं, एवढंच. रंगबिंग काही उडत नाही. त्यामुळे ज्याला लागली त्यानेच हात वर करून "हिट" म्हणायचं आणि मुकाट्याने बाहेर यायचं, कोणी बघत नसलं तरी. क्लिनिकमधल्या एका मैत्रिणीने तिला नेलं होतं, तीन वर्षं झाली. आणि ही तीन वर्षं हाच परीक्षित "बंदूक काय खेळण्याची गोष्ट आहे का?" म्हणून दर रविवारी कपाळाला आठ्या घालत होता.

रुचाचा घास हातातच राहिला. "बाबा? एअरसॉफ्ट?"

"त्यात काय! माझी रायफल घ्यावी लागेल. बघतो."

"नको, डोन्ट बाय! फील्डवर रेंटल मिळते. बिगिनर लोक आधी रेंटच करतात. ट्राय कर, आवडलं तर मग बघू."

"बरोबर आहे," तो म्हणाला, "अगदी लॉजिकल." आणि हात धुऊन लॅपटॉप उघडला.

शीटमध्ये एक्केचाळीस रायफली होत्या आणि तेवीस रकाने. वजन, नळीची लांबी, आतला गिअरबॉक्स धातूचा की प्लास्टिकचा, बॅटरी कुठली बसते, गोळीचा वेग, सुटे भाग मिशिगनमध्ये मिळतात की बाहेरून मागवावे लागतात. सकाळच्या चहाला दाढीवाली पोरं खोकी उघडून रायफली दाखवतात असे व्हिडिओ. मी पोळ्या लाटत असताना मागे येऊन उभा राहायचा. "वीणा, नवशिक्याने गॅसवरची घेऊ नये बरं का. थंडीत दाब उतरतो."

"अस्सं?"

"आणि स्प्रिंगची स्वस्त असते, पण प्रत्येक गोळीला हाताने खेचावी लागते. इलेक्ट्रिकच बरी. वेग पण फार नको, काही फील्डवर चालत नाही. वेग मोजतात ते."

"तू कोथिंबीर निवड."

जुलै गेला. दर रविवारी सकाळी रुचा बूट घालताना विचारायची, "येतोस, बाबा? रेंट करू." हा म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की. नऊ मॉडेल उरलीत." मग सहा उरली. मग एका दाढीवाल्याने काहीतरी नवीन सांगितलं आणि पुन्हा अकरा झाली. ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी रुचाने बूट घातले, किल्ली घेतली आणि "बाय आई, बाय बाबा" म्हणून गेली. विचारलंच नाही.

तो खिडकीपाशी उभा होता. गाडी वळेपर्यंत तिथेच उभा.

माझं डोकंच फिरलं. "परीक्षित, पोरगी जाणार आहे, कळतंय का तुला? दोन महिने राहिलेत. आणि तू गोळीचा वेग मोजत बस! भाड्याची घे आणि जा ना तिच्याबरोबर! काय बिघडणार आहे? वरातीमागून घोडं नाचवायचंय का तुला?"

मला वाटलं चिडेल. नाही चिडला. सोफ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "भाड्याची घेतली की मी पाहुणा गं. एक दिवस बाबाला आणलं, फोटो काढला, झालं. स्वतःची असली तर तिला वाटेल, हा येणारच आहे. मग पुढच्या वेळीही बोलावेल."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. एवढी मोठी गोष्ट या माणसाने तेवीस रकान्यांत कुठे लपवली होती देव जाणे. मला त्याची इतकी दया आली, आणि दुसऱ्या क्षणी रागही आला. "मग घे ना एकदाची! कुठलीही घे!"

"आणि चुकीची निघाली म्हणजे? तिच्या मित्रांसमोर तिचं हसं होईल. म्हणतील, बापाला काही कळत नाही."

"ओळखीतली जुनी बघ," मी म्हणाले. "आपली माणसं वस्तू नीट ठेवतात. पाळणा नाही का आपण ओळखीतून आणला होता? आणि बर्फाचे टायर?"

हे मी बोलायला नको होतं. इथल्या आपल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, देवाणघेवाणीचा. सोफा देणे आहे, कुकरची रिंग हवी आहे, डेट्रॉइट एअरपोर्टला कोणी जातंय का, असं चालतं त्यावर. साडेतीनशे माणसं. मंगळवारी दुपारी परीक्षितने ऑफिसातून त्यावर लिहिलं: "नमस्कार. सुस्थितीतील वापरलेली रायफल त्वरित हवी आहे. एअरसॉफ्टसाठी. शक्यतो मराठी कुटुंबाकडून. निकड आहे."

कप्पाळ माझं! एअरसॉफ्टपर्यंत वाचतंय कोण? पहिल्या ओळीतच अर्धं नोव्हाय गार पडलं. पाच मिनिटांत सहा जण ग्रुप सोडून गेले. त्यातल्या एकाने जाता जाता लिहिलं की आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, कृपया गैरसमज नसावा. एका बाईने मला फोन करून एकदम खालच्या आवाजात विचारलं, "वीणा, घरी सगळं ठीक आहे ना? मोकळेपणी बोलता येतंय का तुला आत्ता?" कोणीतरी मन शांत ठेवण्याच्या ऑनलाइन क्लासची लिंक टाकली. संध्याकाळी दोन कुटुंबं दारात, हातात डबे. एकांनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. परीक्षित ऑफिसातून आला तर दिवाणखान्यात चार माणसं त्याच्याकडे प्रेमाने बघतायत.

"काय झालं?" तो म्हणाला.

पुरणपोळ्या चांगल्या होत्या, तेवढं एक बरं झालं. रुचा त्या ग्रुपवर नाही, पण तिच्यापर्यंत रात्रीच पोचलं. ती खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसत होती, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. परीक्षितने मात्र मान खाली घातली ती घातलीच. पुढे पाच आठवडे रायफलीचं नाव काढलं नाही त्याने. लॅपटॉप उघडायचा, बंद करायचा.

सप्टेंबरच्या शेवटी पद्मिनीताईंचा फोन आला. पद्मिनीताई सत्तरीच्या. इथल्या पोरांची एक अख्खी पिढी त्यांच्याकडे रामरक्षा शिकली, आमची रुचाही. ताठ बसायचं, नाहीतर पाठीत धपाटा. त्या महिनाभर भारतात होत्या, परत आल्यावर साठलेले मेसेज वाचत बसल्या होत्या. "वीणा, तुझ्या नवऱ्याला एअरसॉफ्टची रायफल हवीय ना? आमच्या आर्यची पडलीय बेसमेंटमध्ये. दोन पोरांचा बाप झाला तो, आता कसला खेळतोय. या घेऊन जा. रुचाला पण आण, जायच्या आधी भेटू दे मला."

साडेतीनशे माणसांत एकीनेच मेसेज शेवटपर्यंत वाचला होता.

आम्ही तिघं गेलो. रायफल एका जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, तोंडाशी नारिंगी टोक, खेळातली आहे हे लांबून कळावं म्हणून असतं तसं. परीक्षितने फोनमध्ये शीट उघडली आणि त्याचा चेहरा पडला. "चौतिसाव्या नंबरवर आहे ही," तो माझ्या कानात पुटपुटला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात रुचाने ती हातात घेतली. पोटातलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत बघितलं, खटका तपासला. या मुलीला मी कधी इतकं सराईतपणे काही हाताळताना बघितलंच नव्हतं. मग म्हणाली, "उभा राहा, बाबा." तो उभा राहिला. तिने रायफल त्याच्या खांद्याला लावली. मागचा दांडा दोन घरं आत घेतला. त्याचं कोपर धरून खाली केलं, हनुवटीला बोट लावून मान वळवली. "गाल इथे ठेव. असा. आता बघ." ती दोन पावलं मागे गेली, डोकं तिरकं करून त्याच्याकडे बघितलं, पेशंटकडे बघत असेल तसं. "हं. जड नाही ना वाटत? हात नाही दुखत? इट फिट्स यू."

पद्मिनीताईंच्या हॉलमध्ये, टीपॉयवरच्या चिवड्याच्या बशीवर नेम धरून तो उभा होता. मान अजिबात हलवत नव्हता. "घेतो," तो म्हणाला.

चार मिनिटं! तीस वर्षांच्या संसारात या माणसाने चार मिनिटांत एखादी वस्तू पसंत केलेली मी पहिल्यांदा बघितली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पैशांचं नाव काढल्यावर पद्मिनीताईंनी डोळे वटारले. निघताना मला म्हणाल्या, "गुरुवारी दसरा आहे. पूजा कर हो तिची. नवं हत्यार तसंच वापरू नये."

आता मला कोणी सांगितलं आणि मी केलं नाही, असं होतं का? दसऱ्याला पाट मांडला. त्यावर गाड्यांच्या किल्ल्या, परीक्षितचं मोजमापाचं कॅलिपर, रुचाचा लॅपटॉप, माझी विळी आणि मिक्सरचं भांडं. मधोमध रायफल. नियमाप्रमाणे मॅगझिन काढून ठेवलेलं, आणि नीट टेकावी म्हणून उलटी, पोट वर करून. परसातल्या झेंडूची माळ घातली. कुंकू लावलं. आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या.

"थोड्या टाक गं," परीक्षित म्हणाला.

"देवाच्या कामात तुझं मोजमाप नको," मी म्हणाले, आणि आणखी एक मूठ टाकली. लेक परमुलखात निघालेली, नवरा या वयात रानात पळायला निघालेला. म्हटलं, पडू देत दोन जास्त.

रविवारी मीही गेले. दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेऊन. फील्ड शहाण्णव नंबरच्या हायवेने तासाभरावर, हॉवेलच्या पुढे. मोठं रान, समोर खडीचं पार्किंग, पिकअप ट्रक, लाकडी टेबलं. रुचाचे नऊ मित्र आधीच येऊन थांबले होते. परीक्षितने नवे बूट, नवा गॉगल, सगळं घातलं होतं, आणि शर्ट पँटमध्ये खोचला होता. रुचा म्हणाली, "गाइज, धिस इज माय डॅड. ही ब्रॉट हिज ओन." त्या 'ओन'वर तो असा काही फुलला की मला हसू आवरेना.

खेळाआधी गोळीचा वेग तपासतात. डेल नावाचा दांडगा, पांढऱ्या मिशांचा माणूस ते काम करतो, रायफली दुरुस्त करणाराही तोच. परीक्षितने खांद्याला लावली, कोपर खाली, गाल टेकवला, सगळं शिकवल्याप्रमाणे. खटका दाबला. आत मोटर घरघरली आणि गोळी नाही. परत दाबला. घर्र. तिसऱ्यांदा एक गोळी तोंडातून बाहेर आली आणि टपकन त्याच्याच बुटावर पडली.

पलीकडे एक पोरगं फिसकन हसलं.

डेलने रायफल हातात घेतली, वाकून बघितलं. "आत काहीतरी अडकलंय. नळी काढावी लागेल. वेळ लागेल," असं काहीसं इंग्रजीत म्हणाला. तेवढ्यात पहिल्या गेमचा भोंगा झाला. रुचाची टोळी रानाच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिला हाका मारायला लागली.

परीक्षितचा चेहरा मला बघवेना. चार महिने ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि तेही तिच्या नऊ मित्रांसमोर. "तू जा," तो म्हणाला. "मी बघतो इथे. जा, जा, थांबलेत ते."

रुचाने रानाकडे बघितलं. मग आपली रायफल टेबलावर ठेवली, गॉगल ढकलून कपाळावर घेतला, मित्रांना हाताने 'जा' अशी खूण केली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. "दे आर फाइन विदाउट मी. डेल, छोटा स्क्रू ड्रायव्हर देतोस?" हे शेवटचं ती इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतंय.

मग दोघं त्या रायफलीवर वाकले. एक खिळा काढला, दुसरा काढला. पुढचा भाग सुटला, आतली पितळी नळी बाहेर आली. तिच्या मागच्या टोकाला रबराचा एक छोटा तुकडा असतो, गोळी तिथून सुटते. "फोर्स नको करू, बाबा." "मी कुठे करतोय? तू टॉर्च नीट धर." "धरलाय." "इकडे. अगं इकडे." डेलने एक लांब सळई दिली. परीक्षितने ती नळीत घालून हळूहळू ढकलली. दुसऱ्या टोकाने काहीतरी लालभडक, चिकट बाहेर येऊन टेबलावर पडलं.

डेल मागे सरकला. "व्हॉट इन द वर्ल्ड इज दॅट?"

परीक्षितने माझ्याकडे बघितलं. रुचाने माझ्याकडे बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "राइस," मी म्हणाले.

"राइस?"

रुचाने दोन्ही हातांनी तोंड धरलं, पण उपयोग झाला नाही. ती इतकी हसली की बाकावरून घसरून खडीत बसली, डोळ्यांतून पाणी. "माय मॉम ब्लेस्ड इट," एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं. डेलने मान हलवली. वीस वर्षांत रायफलीतून चिखल निघाला, भुंगे निघाले, च्युइंगगम निघालं, आशीर्वाद पहिल्यांदाच, असं तो गंभीरपणे म्हणाला. मग मला विचारलं, माझ्या ट्रकला करून द्याल का?

मला वाटलं, आता परीक्षित बोलणार. ऐकून घ्यायची तयारीही केली मी, कारण चूक माझीच होती. त्याने टिश्यूवर एकेक दाणा मांडला. "सात," तो म्हणाला. "आणखी असतील, नीट बघू." आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पूजेत काही चूक नव्हती. प्रोसेस चुकली. आधी मॅगझिनचं भोक झाकून घ्यायला हवं होतं." तीस वर्षांत माझ्या बाजूने यापेक्षा गोड तो काही बोलला नसेल.

अकरा दाणे निघाले. रबरात कुंकू बसलं होतं, ते कापसाने पुसून काढलं. जोडताना एक बारीक स्प्रिंग उडाली. मग तिघं आणि डेल, चारही जण गुडघ्यांवर, खडीत. सापडली ती परीक्षितलाच. पहिला गेम संपला, दुसरा संपला, तिसराही. मित्र येऊन पाणी पिऊन जात होते आणि रुचा त्यांना "नॉट यट" म्हणत होती. मी दशम्या काढल्या. दोघांचे हात तेलकट, म्हणून मी घास करून एकदा याला, एकदा तिला भरवत होते, आणि दोघं तोंड न वळवता खात होते. तो तिला सीटमधली स्प्रिंग कशी दमते ते सांगत होता. ती त्याला कुणाचा तरी दमलेला गुडघा सांगत होती. दोन तास. गेल्या दहा वर्षांत ही दोघं इतकी बोलली नसतील.

शेवटच्या गेमआधी रायफल चालली. टक, टक, टक, पाचही गोळ्या सरळ. डेलने अंगठा वर केला.

मी बघणाऱ्यांसाठी लावलेल्या जाळीमागून बघत होते. पिवळ्या पानांचं रान, त्यात एक पडलेला ओंडका, आणि त्याच्यामागे बाप-लेक पोटावर. ती बोटाने काहीतरी दाखवत होती, तो मान डोलवत होता. पाचेक मिनिटं झाली असतील. एकदम परीक्षित उभाच राहिला आणि हात वर करून ओरडला, "हिट!"

समोरच्या झाडामागून एक पोरगा ओरडला, "नो सर, दॅट वॉज द ट्री! यू आर गुड!"

"इट टच्ड माय स्लीव्ह!"

"इट डिडन्ट!"

"आय फेल्ट इट!"

असा वाद मी जन्मात ऐकला नव्हता. शेवटी त्या पोरानेच हात टेकले आणि परीक्षित बाद झाला. रायफल डोक्यावर धरून बाहेर आला. शर्ट सुटलेला, गुडघ्यांना चिखल, केस कपाळाला चिकटलेले. "लागली!" तो मला म्हणाला. एवढा खूश!

निघताना रुचा गाडीत सामान टाकत होती. डिकी लावता लावता म्हणाली, "बाबा, नेक्स्ट संडे साडेआठला निघू या. आज लेट झाला. आणि आई, तू नमस्कार कर फक्त. लांबून."

परीक्षित किल्ली शोधत होता. थांबला. "साडेआठ," तो म्हणाला. "हो. येतो ना."

बस्स, एवढंच. पण मी त्याला ओळखते. गॉगल पुसायचं निमित्त करून तो मिनिटभर पाठमोरा उभा होता.

रुचा पुढच्या सीटवर बसली, मी मागे. हॉवेल यायच्या आधीच ती झोपली, डोकं खिडकीला, तोंड अर्धं उघडं, केसांत एक पिवळं पान. ऊन कलत होतं. मी पण समाधानाने डोळे मिटून बसले होते. विक्समचा एक्झिट गेला, मग बेक रोड. मी डोळे उघडले. पुढचा आमचा उतरायचा, नोव्हाय रोड. परीक्षितने लेन बदलली नाही, सिग्नलही दिला नाही, आणि डोळ्यांसमोर आमचा एक्झिट उजवीकडून निघून गेला.

"अरे...!" मी ओरडणारच होते.

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग रुचाच्या बाजूची उन्हाची झडप तिच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी खिडकीकडे वळवली, गाडी उजवीकडच्या हळू लेनमध्ये घेतली, वेग कमी केला.

"अजून थोडं जाऊ या," तो म्हणाला.